भेदरलेल्या मुक्या जिवासोबत फिरताना

बाजारपेठेत सकाळी साडेनऊच्या सुमारास एकामागून एक शटरे वर जाऊ लागतात. तो खडखडाट आपल्या कानांच्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो ऐकू आला नाही तरच आज बाजार बंद आहे की काय अशी शंका येते. त्याच क्षणी त्या रस्त्यावरून नुकताच एखाद्या निवाऱ्यातून घरी आणलेला कुत्रा जात असेल तर त्याचे पोट जमिनीला टेकते, शेपूट पायांत जाते, आणि दुसऱ्या क्षणी समोरून येणाऱ्या, त्याच्याकडे पाहतही नसलेल्या माणसावर तो भुंकत झेप घेतो. दोरी धरणाऱ्याचा खांदा हिसडतो. पाहणारे म्हणतात, ‘कुत्रा माजला आहे.’ वस्तुतः तो भ्यालेला असतो.

आपल्या समाजातील पुष्कळ घरांतून अलीकडे असे कुत्रे दिसू लागले आहेत. बहुधा घरातील तरुण मुलामुलींच्या आग्रहाने रस्त्यावरचा जखमी, अनाथ किंवा कोणीतरी सोडून दिलेला कुत्रा घरी येतो. जीवदयेचा हा धागा आपल्याकडे जुनाच आहे. १८३२ साली मुंबईत रस्त्यावरील कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. त्यात पारशी बांधव अग्रभागी होते आणि जैन व हिंदू व्यापारीही त्यांच्यासोबत होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. परंतु पांजरापोळीला देणगी देणे निराळे आणि एक भेदरलेला जीव तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत सांभाळून त्याला रोज दोन वेळा रस्त्यावर नेणे निराळे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घरी आणलेल्या कुत्र्याला आहार आणि औषध आपण पहिल्याच आठवड्यात देतो. अभय देण्यास मात्र कित्येक महिने लागतात, आणि ते कसे द्यावे हे सहसा कोणी सांगत नाही.

मग साधारण तीन-चार आठवड्यांनी घरात बैठक बसते. शेजारच्या मुलावर कुत्रा धावून गेलेला असतो, सोसायटीच्या सचिवांचा निरोप आलेला असतो, आजोबा म्हणतात, ‘जिथून आणला तिथे सोडून या.’ हा निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काही महिने घरात राहिलेल्या कुत्र्याची रस्त्यावरील हद्द तोवर दुसऱ्या कुत्र्यांनी व्यापलेली असते. परत सोडलेला कुत्रा त्यांच्या दृष्टीने परका ठरतो. तो फाडला जातो, हाकलला जातो किंवा अनोळखी रस्त्यावर वाहनाखाली येतो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हाही आहे. तेव्हा आजोबांच्या चिंतेला उत्तर द्यायचे असेल तर ते फिरवण्याच्या पद्धतीतच शोधावे लागते. आणि आजोबांची चिंता खोटी नसते, हेही लागलीच कबूल केले पाहिजे. भ्यालेला कुत्रा चावू शकतो.

प्रथम भीती येते कुठून ते पाहू. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वर्तनावर दीर्घकाळ संशोधन करून १९६५ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यात जगाची ओळख जशी होते तशी ती पुढे कधीच सहजतेने होत नाही, हे त्यांच्या कामातून पुढे आले. त्या काळात ज्याला माणसाचा हात प्रेमाने लागला नाही, ज्याने जिना, लिफ्ट, छत्री, सायकल पाहिली नाही, त्याला मोठेपणी ही प्रत्येक गोष्ट संकटासारखी भासते. काहींचा स्वभाव जन्मतः भित्रा असतो. काहींनी दगड आणि काठ्या खाल्लेल्या असतात. आणि काहींना निव्वळ कुठेतरी दुखत असते. कानात संसर्ग, किडलेली दाढ, जुना मोडलेला पाय. म्हणून कोणतेही शिक्षण आरंभण्यापूर्वी पशुवैद्याकडून नीट तपासणी करून घ्यावी. ज्याचा कंबरेचा सांधा दुखतो आहे तो जवळून जाणाऱ्या प्रत्येकावर गुरगुरणारच.

यात गावठी कुत्र्याच्या बाबतीत एक विशेष भर पडते, जी परदेशी पुस्तकांत क्वचितच सापडते. रस्त्यावर वाढलेला कुत्रा कधी बांधलेला नसतो. काठी घेतलेला माणूस दिसला की तो दहा पावले दूर जातो. परका कुत्रा आला की पलीकडच्या बोळात वळतो. पळणे हेच त्याचे मुख्य शस्त्र. आपण गळ्यात पट्टा घालून दोरी हाती घेतो तेव्हा तेच शस्त्र काढून घेतो. पळता येत नाही म्हटल्यावर उरते ते ओरडून, दात दाखवून समोरच्याला घालवून देणे. आणि हा उपाय यशस्वी होतो! कुत्रा भुंकतो, समोरचा माणूस तसाही पुढे निघून जाणारच असतो, तो जातो. कुत्र्याच्या लेखी मात्र ‘मी भुंकलो म्हणून संकट टळले’ असा हिशेब लागतो. दहा वेळा हिशेब जुळला की सवय पक्की होते. दोरी ओढणे, ओरडणे, चापट मारणे याने हा हिशेब मोडत नाही, त्यात नवीन खर्च मात्र चढतो. आता अनोळखी माणूस दिसला की गळाही आवळला जातो, असे तो शिकतो. गळा आवळणाऱ्या साखळ्या आणि आतून टोके असलेले पट्टे दुकानांत मिळतात. ते घेऊ नयेत. अहिंसेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी भीतीवर वेदनेचा थर चढवल्याने भीती कमी होत नाही, हा साधा व्यवहार आहे.

त्याउलट जे उपयोगी पडते त्याची मांडणी शंभर वर्षांपूर्वी एका लहान मुलाच्या बाबतीत झाली होती. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. मूल आवडीचे खाणे खात असे. ससा पिंजऱ्यात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मूल शांत राहील इतकाच पिंजरा दिवसेंदिवस जवळ आणला जाई. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. मध्यंतरी मात्र तो आजारी पडला, आणि रुग्णालयातून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला. त्या एका प्रसंगाने भीती पुन्हा पूर्ववत झाली व काम जवळजवळ आरंभापासून करावे लागले. पीटरच्या जागी आपला कुत्रा ठेवावा आणि सशाच्या जागी शटर, सायकल, दाढीवाला मनुष्य किंवा परका कुत्रा. पद्धत तीच, आणि मधले विघ्नही बहुधा तेच.

या साऱ्याचे मर्म अंतरात आहे. प्रत्येक भेदरलेल्या कुत्र्याचे एक अंतर असते, ज्याच्या पलीकडे तो भीतीचे कारण पाहतो, कान टवकारतो, पण खाऊ दिल्यास खातो आणि हाक मारल्यास वळतो. त्याच्या आत आले की त्याला काहीच ऐकू येत नाही. एखाद्याचे हे अंतर पंधरा फूट असते, एखाद्याचे शंभर. माणसांसाठी निराळे, कुत्र्यांसाठी निराळे; आजच्यासाठी निराळे आणि काल रात्री फटाके वाजले असतील तर आणखी निराळे. शिक्षण होते ते नेहमी त्या अंतराच्या बाहेर. आत जे होते त्याला केवळ निभावणे म्हणावे.

त्या सुरक्षित अंतरावर उभे राहावे. कुत्र्याला ‘तो’ माणूस दिसू द्यावा. दिसला, की लगेच खाऊ. माणूस दिसेनासा झाला, की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे: आधी दर्शन, मग खाऊ. पुष्कळ लोक धास्तीने आधीच खाऊ पुढे करतात. मग कुत्रा शिकतो की खाऊ निघाला म्हणजे काहीतरी भयंकर येत आहे, आणि पनीर पाहूनच तो थरथरू लागतो. काही आठवड्यांनी एक दिवस असा येतो की दूरवर माणूस दिसताच कुत्रा भुंकण्याऐवजी मान वळवून आपल्या तोंडाकडे पाहतो: ‘दिसला बरे का, आता दे.’ तो दिवस आला की अंतर दोन-चार पावलांनी कमी करावे, अधिक नाही. आमच्या घरच्या काळ्या कुत्रीला हा दिवस यायला सात आठवडे लागले, आणि तो आला तेव्हा समोर कोपऱ्यावरचा दूधवाला होता. त्याला या थोर घटनेचा पत्ताही नाही.

खाऊविषयी आपल्या घरांत नेहमी प्रश्न निघतो, कारण प्रशिक्षक बहुधा मांसाचे तुकडे सुचवतात. त्याची गरज नाही. ताजे, बिनमिठाचे पनीर हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून न्यावे. बहुतेक कुत्रे त्यासाठी काहीही करतात. उकडलेला लाल भोपळा, बिया काढलेले सफरचंद, वाफवलेली फरसबी हे घरात चालते, पण भर रस्त्यावर भीतीशी सामना करण्याइतकी ओढ त्यात नसते. अवघड जागी पनीरच हवे. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात, आणि तेथे आपली स्वयंपाकघरे आपोआपच सुरक्षित आहेत. धोका आपल्याकडे दुसऱ्या डब्यात असतो. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सुक्या मेव्याची उलाढाल असलेल्या घरांत हे सर्वांना, विशेषतः लाडाने मूठ भरवणाऱ्या आजींना, स्पष्ट सांगून ठेवावे. चॉकलेटही वर्ज्य. कुत्र्याला सर्वस्वी शाकाहारी ठेवता येते का, हा स्वतंत्र विषय आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवण्याची क्षमता बरीच वाढलेली आहे. तरी प्रथिने आणि अन्य घटकांचा समतोल पशुवैद्याला विचारूनच साधावा, केवळ पोळी-दुधावर ठेवू नये. फिरायला नेताना पोट भरलेले नसावे एवढे पाहावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांना यात एक सोय आहे: घरातली पाने मांडण्याआधीची फेरी कुत्र्याच्या भुकेची आणि आपल्या वेळेचीही असते.

आता साधनांकडे वळू. छातीवरून जाणारा, पुढून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा हार्नेस घ्यावा. त्याने गळ्यावर ताण येत नाही. भ्यालेला कुत्रा मागे सरकून पट्ट्यातून डोके काढून घेतो आणि मग रहदारीत पळत सुटतो. घरी आलेले कुत्रे हरवतात ते बहुधा याच रीतीने आणि पहिल्याच महिन्यात. म्हणून आरंभी हार्नेस आणि गळ्याचा पट्टा, दोन्हींना दोरी जोडावी. पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा. दोरी साधी, सहा-सात फुटांची असावी. बटण दाबून लांब होणारी दोरी गर्दीच्या रस्त्यावर नको. ती मनगटाला आवळून न बांधता हातात धरावी आणि सैल ठेवावी. ताणलेली दोरी म्हणजे आपल्या हातातली धास्ती त्याच्यापर्यंत पोहोचवणारी तारच.

ज्याने कोणाला चावले आहे, किंवा चावेल अशी रास्त शंका आहे, त्याला जाळीदार मुसके घालण्याची सवय लावावी. अशा मुसक्यातून त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येते, खाऊही घेता येतो. ती सवय घरी, आठवड्या-दोन आठवड्यांत, मुसक्याच्या आत पनीर ठेवून लावायची असते. लोक त्याला शिक्षा समजतात. प्रत्यक्षात मुसके घातलेला कुत्रा पाहून लोक आपोआप दोन हात दूर राहतात आणि धरणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. ती शांती दोरीतून कुत्र्यापर्यंत उतरते.

पहिले दोन-तीन आठवडे रस्त्यावर न नेले तरी चालते. गच्ची, वाहनतळाचा रिकामा कोपरा, इमारतीमागची चिंचोळी जागा एवढे जग त्याला आरंभी पुष्कळ आहे. विधी उरकणे आणि हुंगणे या दोनच गोष्टी तेथे करू द्याव्यात. हुंगणे म्हणजे वेळ दवडणे नव्हे. कुत्र्याच्या नाकातील गंधग्राहकांची संख्या कोट्यवधींच्या घरात आहे, आपल्या कितीतरी पट. एका विजेच्या खांबापाशी तो तीन मिनिटे उभा राहतो तेव्हा तो सकाळचे वर्तमानपत्र वाचत असतो. वाचू द्यावे. खाली मान घालून हुंगणारा कुत्रा सहसा शांत होत असतो.

त्याच काळात घरच्या घरी दोन गोष्टी शिकवाव्यात. एक, ‘चल मागे’ म्हटले की आपल्यासोबत अर्धवर्तुळ घेऊन उलट दिशेस चालू लागणे. दिवाणखान्यात, मग जिन्यात, मग फाटकापाशी, खेळासारखे शंभर वेळा. रस्त्यावर अकस्मात काही समोर आले की हीच एक आज्ञा उपयोगी पडते. दुसरी, ‘शोध’ म्हटले की जमिनीवर पसरलेला खाऊ वेचणे. समोरचे संकट टळेपर्यंत उभ्या मोटारीच्या आडोशाला जाऊन पाच-सहा तुकडे जमिनीवर टाकले की त्याचे डोळे आणि नाक खाली गुंतते. परक्या कुत्र्याकडे कधी नाकासमोर सरळ चालत जाऊ नये. कुत्र्यांच्या रीतीभातीत ते उद्धटपणाचे आहे. सभ्य कुत्रे एकमेकांना वळसा घालून भेटतात. आपणही रस्ता ओलांडून वळसाच घ्यावा.

भुंकण्यापूर्वी कुत्रा पुष्कळ बोललेला असतो, आपण ऐकत नाही. भूक नसताना ओठांवरून जीभ फिरवणे, झोप नसताना जांभई, एक पंजा उचलून थबकणे, डोळ्यांच्या कडेला पांढरे दिसणे, धापा टाकणारे तोंड अचानक मिटणे, अंग कोरडे असताना झाडणे, आणि सर्वांत सूचक म्हणजे पनीर नाकाशी असूनही न घेणे. यातील काहीही दिसले की तेथून निघावे. पुढील पायरी थिजणे, त्यापुढील गुरगुरणे. गुरगुरण्यासाठी कधीही रागावू नये. गुरगुरणे म्हणजे चावण्यापूर्वी दिलेली नोटीस आहे. ती देण्याबद्दल शिक्षा झाली तर कुत्रा नोटीस देणे सोडतो, चावणे नव्हे.

हे सारे वाचून परदेशात वाढलेला एखादा प्रशिक्षक समाधानाने मान डोलावील. आपल्या गल्लीत मात्र खरी परीक्षा पुढेच आहे. येथे प्रत्येक कोपऱ्यावर मोकळी कुत्री असतात, आणि त्यांची आपापली हद्द असते. ‘गर्दी नसते तेव्हा पहाटे न्या,’ हा सल्ला आपल्याकडे अर्धाच खरा आहे. पहाटे आणि रात्री उशिरा माणसे नसतात, पण हद्द राखणारी कुत्री त्याच वेळी सर्वाधिक जागी असतात. ज्याला माणसांची भीती आहे त्याला ती वेळ लाभते. ज्याला कुत्र्यांची आहे त्याला नाही. अशांसाठी सकाळी आठच्या सुमारास, रस्त्यावरची कुत्री उन्हे खात पेंगू लागल्यावर आणि बाजार उघडण्यापूर्वी, एक तास बरा सापडतो. उन्हाळ्यात दुपारी नेऊच नये. डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजतात.

मार्ग शक्यतो एकच ठेवावा. त्या मार्गावरील कुत्री आठवड्या-पंधरवड्यात आपल्याला ओळखू लागतात, आणि त्यांचे भुंकणे बहुधा हद्दीच्या टोकाशी येऊन थांबते; ते टोक आपल्यालाही कळू लागते. ती धावून आलीच तर पळू नये, दगड उचलू नये. आपला कुत्रा पाठीशी घेऊन, बाजूला भिंत किंवा मोटार ठेवून, शांतपणे उभे राहावे आणि मग हळूहळू बाहेर पडावे. पुष्कळ फिरणारे हातात काठी ठेवतात. पण ज्याने काठीचा मार खाल्ला आहे त्याच्या बाबतीत आपल्याच हातात काठी पाहून तो आपल्यालाच भिऊ लागेल. त्यापेक्षा त्या कुत्र्यांना नित्य अन्न घालणारी व्यक्ती कोण हे शोधून तिच्याशी बोलावे. आपली फेरी असताना ती त्यांना दुसऱ्या टोकाला खाऊ घालू शकते. कानाची कड थोडी कापलेली दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे असे समजावे. सहसा त्याच वेळी रेबीजची लसही दिलेली असते, मात्र ती पुढे वेळोवेळी द्यावी लागते. ज्यांची नसबंदी झालेली नाही त्यांची माहिती महापालिकेस किंवा तेथील प्राणिमित्र संस्थेस द्यावी. त्यात आपल्या कुत्र्याचाही लाभ आहे.

सोसायटीतील लिफ्ट ही या सर्वांत कठीण जागा. चार फूट चौरसात पळायला वाट नाही आणि दार उघडताच समोर एकदम माणूस. शक्य तेथे जिनाच वापरावा. लिफ्ट घ्यावीच लागली तर रिकामी असेल तेव्हाच चढावे, कुत्र्याला कोपऱ्यात घेऊन त्याच्या आणि दाराच्या मध्ये आपण उभे राहावे. कोणी आत येऊ लागले तर नम्रपणे म्हणावे, ‘काका, त्याला भीती वाटते, तुम्ही पुढच्या खेपेला याल का?’ ‘चावत नाही हो, या’ हे वाक्य कधीही उच्चारू नये. सकाळी सोवळ्यात देरासराकडे किंवा जिनमंदिराकडे निघालेल्या मंडळींना कुत्र्याचा स्पर्श नको असतो आणि आपल्या कुत्र्यालाही त्यांचा नको असतो, तेव्हा येथे उभय पक्षांचे हित एकाच गोष्टीत आहे. मुलांना मात्र बसवून सांगावे लागते: धावत यायचे नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, डोक्यावर हात ठेवायचा नाही. काही देशांत अशा कुत्र्याच्या दोरीला पिवळी फीत बांधण्याची चाल आहे. आपल्याकडे तिचा अर्थ फारसा कोणास ठाऊक नाही, परंतु सोसायटीच्या सूचनाफलकावर चार ओळी लिहून ती रूढ करता येईल.

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. जून उजाडला की ओळखीची माणसेही छत्री आणि रेनकोट घेऊन अनोळखी होतात. छत्री फटकन उघडण्याचा आवाज काही कुत्र्यांना शटरापेक्षाही वाईट वाटतो. मे महिन्यातच घरात छत्री उघडी ठेवून तिच्याभोवती खाऊ पसरावा. दिवाळीचे मात्र असे सुलभ नाही. त्या आठवड्यात उजेड असतानाच, फटाके सुरू होण्यापूर्वी, थोडक्यात फिरवून आणावे. दोन्ही दोऱ्या लावल्याशिवाय दाराबाहेर पाऊल नको. ज्याची भीती फार तीव्र आहे त्याच्यासाठी पशुवैद्य भय कमी करणारे औषध देऊ शकतात. हे दोन-तीन आठवडे आधी ठरवावे. घरातील माणसांच्या झोपेच्या गोळ्या स्वतःच्या बुद्धीने कधीही देऊ नयेत. काही औषधे केवळ शरीर सुस्त करतात, आत भीती तशीच राहते आणि त्याला हलताही येत नाही. त्याहून क्रूर अवस्था कल्पिणे कठीण.

आपल्या घरांना एक गोष्ट सहज जमण्यासारखी आहे, ती म्हणजे रोजमेळ. एक छोटी वही ठेवावी. दिनांक, वेळ, काय दिसले, किती फुटांवर, भुंकला की वळला, पुन्हा खाऊ घ्यायला किती वेळ लागला. स्मरणशक्तीवर विसंबू नये. एका वाईट प्रसंगाने दहा चांगले दिवस झाकोळून जातात. महिनाअखेर वही चाळली की कळते, मार्चमध्ये ऐंशी फुटांवर भुंकणारा आता चाळीसवर भुंकतो, आणि सावरायला दहा मिनिटे लागत ती तीनवर आली. ताण साचतो हेही वहीतच दिसते. सकाळी ढोल वाजले, दुपारी दारात गॅसवाला आला, आणि संध्याकाळी एरव्ही काहीच न करणारा कुत्रा एका निरागस सायकलस्वारावर धावून गेला. असा दिवस लक्षात आला की दुसऱ्या दिवशी फेरी रद्द. गच्चीवर खाऊ लपवून शोधायला लावावे, त्यालाही तेवढेच बरे वाटते. एक दिवस न फिरवल्याने कुत्र्याचे काही बिघडत नाही.

चावण्याचा प्रसंग घडलाच तर वादावादीत वेळ न दवडता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आपल्या कुत्र्याच्या रेबीज लसीची नोंद अद्ययावत असली पाहिजे. ते पत्रक दुकानाच्या परवान्याइतके जपून ठेवावे. त्यानंतर पात्रता असलेल्या, मारझोड न करणाऱ्या प्रशिक्षकाला घरी बोलवावे. ‘आठ दिवसांत सरळ करतो’ असे जो म्हणतो त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

सहा महिने, वर्ष, कधी दीड वर्ष, असा हा काळ जातो. सगळे कुत्रे बाजारपेठेतून ऐटीत चालू लागतात असे नाही. काही आयुष्यभर पंधरा फुटांचे अंतर मागतात, आणि त्यांना ते द्यावे लागते. आमची कुत्री आता दूधवाल्याच्या, इस्त्रीवाल्याच्या आणि दोन शाळकरी मुलींच्या जवळून जाते. शटरांच्या वेळी मात्र ती अजूनही त्या रस्त्याने येत नाही. साडेनऊच्या आधी आम्ही घरी परतलेलो असतो.